श्रीमंतीचे दुखणे

जामखेडहून नगरला निघालेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्यावर पोहोचण्यासाठी वाटेत दुसऱ्या जिल्ह्याचा पाहुणचार घ्यावा लागतो, ही गोष्ट तीस वर्षे मुलांना इतिहास-भूगोल शिकवूनही माझ्या मनावर कधी ठसली नव्हती. ती ठसण्यासाठी माझी मोटार आष्टीला बंद पडावी लागली. आष्टी आणि कडा ही गावे बीड जिल्ह्यातली, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलातली. जामखेड मात्र इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातले. ११ मार्च १७९५ रोजी आमच्या तालुक्यातल्या खर्ड्याजवळ मराठी फौजांनी निजामअलीला जे पाणी पाजले, ते स्मरणात ठेवून त्या मुलखाने सव्वादोनशे वर्षे दम धरला असावा आणि पेशव्यांच्या पक्षाचा कोणी इसम एकटादुकटा सापडण्याची वाट पाहिली असावी, असे मे महिन्यातल्या त्या दुपारी, मागून सहाजण धक्का मारीत असताना स्टिअरिंग धरून बसल्या जागी मला वाटून गेले.

हकीकत अगदी साधी होती. उसाच्या रसासाठी दहा मिनिटे गाडी उभी केली. रस झाला, पैसे दिले, किल्ली फिरविली. इंजिन फिरले, फिरत राहिले, पण धरीना. चौथ्या-पाचव्या खेपेस पेट्रोलचा असा दर्प सुटला की जमलेल्या मंडळींपैकी एकाने दुसऱ्याच्या तोंडातली विडी न विचारता काढून पायाखाली चिरडली, आणि ज्याची विडी गेली त्यानेही तक्रार केली नाही. धक्क्याने इंजिन क्षणभर जागे झाले तेव्हा मागच्या नळीतून जो धूर निघाला तो पाहून रसवाल्याने आपल्या पातेल्यावर फडके टाकले. अखेर एक ट्रॅक्टरवाला पुढे झाला. माझ्या वेषावरून माझा पेशा त्याने ओळखला असावा. कारण "मास्तर, रेस पार तळाला दाबून धरा, आन् मंग सेल्फ मारा," असे तो म्हणाला. पेट्रोल जास्त झाले म्हणून जी गाडी चालू होत नाही तिला आणखी पेट्रोल पाजण्याचा हा उपदेश मला अघोरी वाटला. पण सहा माणसांच्या श्रमांचा मान राखून मी तो पाळला, आणि गाडी खाकरत, खोकत, काळे ओकत चालू झाली.

या चमत्काराचा उलगडा पुढे झाला. अशा बऱ्याच गाड्यांत सुरू करतेवेळी पायाखालचा पेडल पूर्ण दाबलेला आढळला, तर आतला संगणक असा अर्थ घेतो की इंजिन पेट्रोलात बुडाले आहे, आणि पेट्रोल बंद करून नुसती हवा आत सोडतो. थोडे मागितले तर थोडे मिळते आणि सगळेच मागितले तर काहीच मिळत नाही, हा कायदा मी सरकारी कचेऱ्यांत अनेकदा अनुभवला होता. मोटारीत तो प्रथमच उपयोगी पडला.

गाडी तशी जुनी. तिचे कुळ मी सांगत नाही, कारण दोष कुळाचा नव्हता. २००० सालच्या सुमारास आपल्याकडच्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊ लागला आणि इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही चार अक्षरे झळकू लागली, तशी ती हिच्याही पाठीवर आहेत. एके काळी शिक्षकांच्या दारावरच्या पाटीवर नावापुढे 'बी.ए., बी.टी.' असे लिहिलेले असे आणि येणाराजाणारा ते मान वर करून वाचीत असे. त्याच भावनेने मी ही गाडी घेतली तेव्हा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिच्या मागच्या अंगास नेऊन त्या चार अक्षरांचे विवरण करीत असे. जर्मनीत बॉशने १९६७ साली ही विद्युत्-पद्धती फोक्सवॅगनच्या मोटारींत बसविली आणि ती आपल्या अंगणात यायला तेहेतीस-चौतीस वर्षे लागली, हेही मी सांगत असे. पाहुणे माना डोलवीत आणि लिटरला किती देते, एवढेच विचारीत. तेव्हा ती सोळा देत असे. आष्टीच्या प्रसंगापर्यंत ती नऊवर आली होती.

जामखेडला परतल्यावर शेजारच्या गॅरेजमधल्या पोराने नुसत्या आवाजावरून आणि वासावरून शेरा मारला, "गाडी रिच चालतीया." हा शब्द घरात पोहोचताच आमच्या आत्याबाईंनी त्याचा अर्थ विचारला, आणि मी 'श्रीमंत' असा सांगितला. आत्याबाईंचे वय पंच्याऐंशी. त्यांनी पेन्शनीच्या या घराकडे, मग अंगणातल्या गाडीकडे पाहिले आणि "चला, कुणीतरी निघालं," एवढेच उद्गार काढले.

वाचकांपैकी ज्यांना इंजिनाच्या पचनसंस्थेची माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगायचे ते असे की, पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल यापेक्षा वाढले की मिश्रण 'रिच' झाले. मग उरलेले पेट्रोल काजळी होऊन प्लगांवर बसते, धूर होऊन बाहेर पडते किंवा सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन खालच्या ऑइलमध्ये उतरते. ज्या तालुक्यात पाण्याचे टँकर येण्याचे वेळापत्रक लोकांना पंचांगापेक्षा अधिक पाठ असते, त्या तालुक्यात एखाद्याने अतिवृष्टीने आजारी पडावे, हा योगच विलक्षण होता. आणि म्हणूनच की काय, या व्याधीवर मत देणाऱ्यांची आमच्या अंगणात रीघ लागली.

निवृत्त तलाठ्यांचे मत धुळीवर होते. त्यांनी एअर फिल्टर काढावयास लावला. त्यातून खरोखरच अर्धा शेर मुलूख निघाला, आणि जमिनीचा प्रश्न असल्याने त्यांनी तो चिमटीत धरून ही माती खर्ड्याच्या वाटेवरची आहे असा निर्वाळाही दिला. फिल्टर नवा आला. धूर जुनाच राहिला. समोरच्या कंपाउंडरांनी प्लग बदलविले. काळेकुट्ट, ओलसर प्लग जाऊन नवे बसताच गाडी तीन दिवस सुतासारखी सरळ चालली, आणि कंपाउंडरांनी ते तीन दिवस गावात अशा थाटात काढले की जणू त्यांना वैद्यकीची सनद मिळाली आहे. चौथ्या दिवशी नवे प्लगही कोळशासारखे झाले. पुण्याहून आलेल्या भाच्याने खिशातून एक चिमुकले यंत्र काढले, ते गाडीला जोडताच तिचा सारा रोग मोबाइलवर उमटेल असे सांगितले आणि ते जोडण्याचे भोक गाडीला नाही असे आढळताच ही गाडी विकून टाका असा सल्ला दिला. दूध संघातल्या एका परिचितांनी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ठपका ठेवला: उसाच्या मळीपासून केलेले ते द्रव्य आता वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, आणि तुमच्या म्हातारीला मळी पचत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. नगर जिल्ह्यात बसून उसाची निंदा ऐकणे हेच मुळात दुर्मीळ. त्यातून ती निंदा चुकीची. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून त्याने मिश्रण बिघडलेच तर ते पातळ होईल, श्रीमंत होणार नाही. आमचे दुखणे नेमके उलटे होते.

येथवर सुमारे चार हजार रुपये खर्ची पडले होते आणि रोग जिथल्या तिथे होता. अशा वेळी मेस्त्री आले.

मेस्त्रींचे वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणे कमी, आणि हातात पाना नाही. त्यांनी बॉनेटला हातही न लावता ओसरीच्या पायरीवर बैठक मारली आणि विचारायला सुरुवात केली. सकाळी थंड असताना कशी उठते? दोन किलोमीटर जाऊन थांबवली तर? तासभर थांबवली तर? धूर सुरुवातीलाच येतो की चालत असतानाही? कधीपासून? एकदम झाले की वाढत गेले? त्याच्या आधी गाडीला काय काय केले होते? शेवटच्या प्रश्नाला मी "काही नाही" असे उत्तर दिले. ते खोटे होते, पण त्या वेळी ते मला ठाऊक नव्हते.

मला त्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे पाहून बरे वाटले, आणि त्याचे कारण जामखेडबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आमच्या गावी आले, त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना हाताशी धरले आणि कोणते दुखणे गावातच मीठ-साखरेच्या पाण्याने बरे होते व कोणते दवाखान्यात न्यावे लागते, हे ओळखायला शिकविले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, आणि परदेशचे डॉक्टर हे पाहण्यासाठी ज्या गावी येत राहिले ते हे आमचे जामखेड, जिथे तोवर केवळ बदली झालेले मामलेदारच परमुलखातून येत असत. यंत्र लावण्यापूर्वी विचारावे, विचारण्यापूर्वी ऐकावे, ही निदानाची रीत या मातीत त्या बायकांनी रुजविली. मेस्त्रींनी ती कुठे उचलली हे मी विचारले नाही. पण गाडीशी त्यांचे वागणे मला ओळखीचे वाटले.

त्यांनी ऑइलची पट्टी ओढून वास घेतला आणि ती माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. प्लग पाहिले. मग पेट्रोलचा दाब नियमित ठेवणाऱ्या रेग्युलेटरची बारीक रबरी नळी उपसली, तिच्या तोंडाशी बोट फिरवून ते हुंगले, आणि "हा नाय," असे म्हणून त्याला निर्दोष सोडले. आतला पडदा फाटला असता तर त्या नळीतून पेट्रोल थेट आत ओढले गेले असते आणि ती ओली मिळाली असती. गेज लावले, दाब तीन किलोच्या आसपास, आणि सेल्फ थांबविल्यावरही काटा जागचा हलेना, म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. अशा रीतीने एकामागून एक संशयितांची जबानी घेऊन मेस्त्री म्हणाले, "सर, मशीनला काय बी झालं नाय. तिला थंडी वाजतीया."

मे महिना होता. ओसरीच्या पत्र्यावर पापड भाजले असते.

मेस्त्रींच्या वाक्याचा अर्थ मला कळायला दोन दिवस लागले, आणि तो कळला तेव्हा माझ्यातला इतिहासशिक्षक जागा झाला. कारण इंजेक्शनच्या मोटारीचा कारभार हा हुबेहूब पेशवाईतल्या हुजूर दफ्तराचा कारभार आहे. कार्ब्युरेटरच्या काळी थंड इंजिनाला जे जास्तीचे पेट्रोल द्यावे लागे, कारण थंड भिंतींवर पेट्रोलची वाफ होत नाही, ते देण्यासाठी मालकाच्या हाताशी चोक असे. तो ओढून ठेवून विसरला तर हेच दुखणे होई. पण गुन्हेगार आरशात दिसे. इंजेक्शनने चोक काढून घेतला आणि तो अधिकार ॲल्युमिनियमच्या एका सीलबंद पेटीत बसलेल्या संगणकाकडे दिला. हे हुजूर डॅशबोर्डखाली मुक्काम करून असतात. इंजिन त्यांनी जन्मात पाहिलेले नाही. ते सारे हुकूम सोडतात ते मुलखातून येणाऱ्या बातमीपत्रांवरून. हवेचा दाब एक खबरनवीस कळवितो, पेडलची हालचाल दुसरा. आणि इंजिन गरम आहे की गार, हे पाण्याच्या मार्गात बुडवून ठेवलेला, अंगठ्याएवढा पितळी देहाचा एक सेन्सर कळवितो. या तिसऱ्याची प्रकृती मोठी मजेची असते. गारठ्यात तो ताठरतो आणि त्याचा विद्युत्-विरोध हजारो ओहमपर्यंत चढतो. ऊब मिळाली की तो विरघळतो आणि उकळत्या पाण्यात जेमतेम दोनशेवर येतो. हुजूर त्याच्याकडे पाच व्होल्टचा जासूद पाठवितात, आणि तो किती अडला यावरून हवामान ताडतात.

आता खबर अशी आली की मुलखात गारठा आहे, तर हुजूर काय करणार? ते तगाई मंजूर करतात. आमच्या तालुक्याने तगाई पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. ती दुष्काळात मंजूर होऊन पुढच्या सुगीला हातात पडत असे. या दफ्तराची तऱ्हा निराळी: येथे मंजुरी आणि वाटप एकाच क्षणी, इंजिनाच्या फेऱ्याफेऱ्याला, आणि परतफेडीची अट नाही. धुराच्या नळीत एक हिशेबतपासनीसही बसविलेला असतो. तो प्राणवायू हुंगून 'पेट्रोलची उधळपट्टी चालू आहे' असा शेरा इमानेइतबारे वर पाठवीत असतो. परंतु इंजिन गरम झाल्याखेरीज या तपासनिसाचे शेरे विचारात घेऊ नयेत, असा दफ्तराचा नियम आहे. आणि इंजिन गरम झाले आहे हे दफ्तराला कधी कळलेच नाही. तेव्हा बिचारा तपासनीस कित्येक महिने शेरे लिहीत होता, आणि दफ्तर ते फाइलीला लावीत होते.

"मग तो इंजिनाचा पिवळा दिवा का नाही लागला?" असे मी विचारले. मेस्त्रींनी दिलेले उत्तर मी अजून विसरलेलो नाही. दिवा लागतो तो खबर अशक्य कोटीतली असेल तेव्हा. वायर तुटली, आणि खबर आली की बाहेर उणे चाळीस अंश आहे, जिथे सेल्सियस व फॅरनहाइट या जन्माच्या वैऱ्यांचेही एकमत होते, तर हुजुरांनाही शंका येते. पण आठ-दहा अंश ही बातमी खोटी असली तरी सभ्य आहे. जगात कुठे ना कुठे आठ-दहा अंश असतेच; पौषात पहाटे जामखेडातही असते. हुजुरांपाशी पंचांग नाही आणि खिडकीही नाही. थाप मारावी तर एवढीच, हे परीक्षेला उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही उपजत कळते. ज्याने आजी वारली असे सांगितले त्याला मी सोडून देत असे, आणि ज्याने हत्ती आडवा आला असे सांगितले त्याला बाकावर उभे करीत असे.

संशयित ठरताच मी उत्साहाने सेन्सर आणायला नगरला एस.टी.ने गेलो, आष्टीला गाडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली, हे मी खिडकीतून असूयेने पाहिले. परत आल्यावर कळले की आणलेला सेन्सर एका वायरीचा आहे. गाडीत उष्णतेचे दोन बातमीदार असतात: एक वायर असलेला डॅशबोर्डावरचा काटा हलवितो, म्हणजे तो मालकाच्या समाधानासाठी; दोन वायरींचा संगणकाला कळवितो, म्हणजे तो कारभारासाठी. काटा वर्षभर मला बिनचूक खबर देत होता आणि मी निश्चिंत होतो. प्रजेला एक आणि दरबारला एक, अशा दोन वार्ता एकाच वेळी निघतात, हे इतिहासाच्या शिक्षकाने तरी ओळखायला हवे होते. पुन्हा नगर, पुन्हा आष्टीची खिडकी, आणि दोन वायरींचा सेन्सर.

मेस्त्रींनी तो लगेच बसविला नाही. आधी जुन्याची परीक्षा घेऊ, म्हणाले. जुना सेन्सर काढून, मीटर आणि मला बरोबर घेऊन ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेले आणि उकळते पाणी मागितले. चहावाल्याने पितळी गोळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, निवृत्त शिक्षकाचा अवमान होऊ नये इतपत वेळ विचार केला, आणि एक भांडे वेगळे काढून दिले. गिऱ्हाइके उठून भोवती उभी राहिली. सेन्सर दोरीला बांधून पाण्यात सोडला. मीटरचा आकडा अडीच हजारांवरून घसरत घसरत हजार, पाचशे, तीनशे करीत दोनशेच्या घरात आला आणि स्थिरावला. कोणीतरी "उकळला!" असे म्हणाले. पण माझे तोंड उतरले. कारण सेन्सर खरे बोलत होता. पितळी देहाचा तो बातमीदार वर्षभर चोख काम करीत होता, आणि आम्ही त्याच्या जागी नेमायला दुसरा घेऊन आलो होतो.

मेस्त्री मात्र खूश दिसले. घरी येऊन त्यांनी सेन्सर जागी बसविला, कशीबशी गाडी चालू करून इंजिन चांगले तापविले, बंद केले, आणि संगणकाच्या पेटीचा प्लग उपसून त्या टोकाला मीटर लावला. तिथे तीनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा होता. दिसला चार हजार. म्हणजे खबरनवीस खरे लिहीत होता आणि हुजूर खरे वाचीत होते. मधल्या वाटेवर कोणीतरी साडेतीन हजारांहून अधिक दस्तुरी घेत होते.

वायर बोटांनी चाचपीत मेस्त्री सेन्सरच्या कनेक्टरपाशी आले, त्याचे रबरी टोपण त्यांनी सोलले, आणि आत पाहून जरा वेळ गप्प राहिले. आत्याबाई ओसरीवरून उठून काठी टेकीत तिथवर आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिले. तांब्या-पितळेच्या त्या इवल्याशा दोन पिनांवर हिरवागार, मऊ थर चढला होता.

"अरे, हे कळकलंय की!" आत्याबाई म्हणाल्या. "बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की असंच होतं. पाणी कुणी घातलं रे यात?"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. तो त्यांच्या पहिल्या दिवसाच्या शेवटच्या प्रश्नाचा पुनरुच्चार होता, आणि या वेळी मला उत्तर आठवले. गेल्या दसऱ्याला, वाहनाच्या पूजेला गाडी आतूनबाहेरून स्वच्छ असावी म्हणून, मी बॉनेट उघडून इंजिन धुऊन घेतले होते. जोराच्या फवाऱ्याने, साबण लावून, शिवाय धुणाऱ्याने 'वायरींवर नको' म्हटले असता 'काही होत नाही, मार' असे स्वमुखाने सांगून. त्यानंतर झेंडू वाहिला, नारळ फोडला, आणि नारळाचे पाणी, प्रसाद म्हणून, इंजिनावरच शिंपडले. ते सारे पाणी टोपणाच्या आत बसून सात महिने आपले काम करीत होते. हिवाळ्यात कळक थोडा आणि थंडी खरीच, म्हणून खोटी खबर कुणाला खुपली नाही. ऊन वाढत गेले तसा कळकही वाढला, आणि सत्य व खबर यांच्यातले अंतर आष्टीला धुराने उघडे पाडले.

हे सारे मी कबूल केले. आत्याबाईंनी चिंचेचा कोळ आणू का, असे मेस्त्रींना मनापासून विचारले, आणि मेस्त्रींनीही तितक्याच आदराने, "आज्जी, चिंच भांड्याला, हितं नको, पुन्हा धरंल," असे सांगून बारीक पॉलिश पेपर आणि स्पिरिट घेतले. पाच-सहा मिनिटांचे काम. दोन्ही पिना सोन्यासारख्या झाल्या, टोपणाखाली थोडे ग्रीस गेले, प्लग जोडला, मीटरने संगणकाच्या टोकाला तीनशेवीस दाखविले, आणि तापलेल्या इंजिनाची किल्ली मेस्त्रींनी माझ्या हाती दिली. अर्ध्या फेऱ्यात गाडी धरली. धूर नाही, वास नाही. तलाठी आणि कंपाउंडर धक्क्याच्या तयारीने बाह्या सारून फाटकाशी आले होते, ते तसेच उभे राहिले.

ऑइल पेट्रोलमिश्रित झाले होते, ते बदलावे लागले; एवढा एक खर्च रास्त म्हणता येईल. हिशेबाला बसलो तेव्हा मेस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिले: फिल्टर, प्लग, दोन सेन्सर, नगरची दोन तिकिटे, ऑइल, ही रक्कम त्यांना द्यायची नव्हती, केवळ माझ्या माहितीसाठी होती. त्याखाली रेघ मारून त्यांनी स्वतःचे लिहिले: 'वायर साफ केली, रु. १००.' मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ नाकारली आणि अखेर सुटे नाहीत या सबबीवर ठेवून घेतली.

दोन वायरींचा नवा सेन्सर दुकानदाराने परत घेतला नाही. इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जात नाही, अशी पाटीच त्याने बोटाने दाखविली. तो आता माझ्या मेजाच्या खणात, न वापरलेल्या पेनांशेजारी आहे. गाडी पुन्हा पंधरा-सोळा देऊ लागली आहे आणि आष्टीच्या रसवाल्याकडे मी मुद्दाम थांबून दहा मिनिटांनी सहज निघून दाखविले आहे. एवढे झाले तरी कोपऱ्यावरून जाताना मला अजून वाट वाकडी करावी लागते, कारण चहावाला मला लांबून पाहतो, शेगडीवरचे भांडे उचलून धरतो आणि भर रस्त्यात ओरडून विचारतो, "सर, पाणी उकळलंय, आज काय बुडवायचं?"